गोळी कशाची आहे, ते आधी सांगा

पाळी जायच्या वयातल्या बाईला नैराश्यावरची गोळी द्यावी की नाही, या प्रश्नावर आपल्या चळवळीत दोन ठाम मतं ऐकू येतात. एक मत असं, की ही बाईला गप्प बसवायची जुनीच युक्ती आहे. तिच्या तक्रारीला 'मनाचा खेळ' ठरवायचं आणि गोळी हातावर ठेवून वाटेला लावायचं. दुसरं मत असं, की डॉक्टरांनी दिलंय ना, मग घ्यावं मुकाट्यानं. आपल्याला त्यातलं काय कळतं? मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कुटुंब समुपदेशन केंद्रात नऊ वर्षं काम करते आहे. या कामातून मला जे दिसलं, त्यावरून ही दोन्ही मतं बाईच्या उपयोगाची नाहीत असं माझं म्हणणं आहे. का, ते मांडण्यासाठी हा लेख.

आमच्या केंद्रात बाई येते ती बहुतेकदा मारहाणीची, पोटगीची, नाहीतर जमिनीच्या वाटणीची तक्रार घेऊन. बोलता बोलता तब्येतीचा विषय निघतो. "ताई, अंगातून नुसत्या वाफा निघतात. रात्री दोनदा झंपर बदलावं लागतं. झोप म्हणून नाही. कुणी जरा बोललं की रडू येतं, नाहीतर ओरडावंसं वाटतं." मग कापडी पिशवीतून गोळ्यांची पाकिटं निघतात. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, पित्ताची गोळी, आणि एक लहानशी गोळी, जी कशाची आहे हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. पाकिटावरचं नाव वाचलं की कळतं: एसिटालोप्राम, कधी पॅरोक्सेटिन, कधी व्हेन्लाफॅक्सिन. कधी एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम ही चिंतेची-झोपेची गोळी, दोन्ही एकातच. "काय म्हणून दिली?" असं विचारलं तर उत्तरं येतात, "शक्तीची", "झोपेची", "टेन्शनची".

शिवणकाम करणाऱ्या एका काकूंना मेडिकलमधल्या पोरानं सांगून टाकलं, "ही डोक्याच्या पेशंटची गोळी आहे." काकूंनी घरी जाऊन सगळं पाकीट चुलीत घातलं. तीन-चार दिवसांनी त्यांना गरगरायला लागलं, मळमळ सुरू झाली, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायला लागलं. म्हणजे पोरगा म्हणाला ते खरंच, असं त्यांनी मनाशी धरलं. "ताई, मी काय येडी झाले का?" हा त्यांचा प्रश्न. खरं तर ही गोळी एकदम बंद केली की असं होऊ शकतं, ती हळूहळूच कमी करायची असते. पण गोळी कशाची हेच जिथं सांगितलेलं नाही, तिथं ती बंद कशी करायची हे कोण सांगणार?

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. ते नीट द्यायचं तर शरीरात काय घडतं ते समजून घ्यायला हवं.

आपल्याकडे पाळी साधारणपणे ४६-४७ व्या वर्षी जाते. पाश्चात्त्य देशांत ती ५१ च्या सुमारास जाते. त्याआधीची काही वर्षं बीजकोशांतून येणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक वर-खाली होत होत कमी होत जातं. मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचं तापमान सांभाळत असतो. इस्ट्रोजेन कमी झालं की हा भाग फार हळवा होतो. अंग किंचित तापलं तरी त्याला वाटतं फार तापलं. मग तो कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंद करतो, घाम सोडतो. चेहरा, मान, छाती लाल होते, दरदरून घाम फुटतो, आणि मागून थंडी वाजते. आपल्या बायका याला 'वाफा' म्हणतात, आणि तो शब्द अगदी बरोबर आहे. रात्री वाफा आल्या की झोप मोडते. झोप रोज मोडली की चिडचिड होते, विसरायला होतं, रडू येतं. यात वेडाचा काही संबंध नाही.

मग नैराश्यावरची गोळी इथं कशाला? तर सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही जी रसायनं मनाच्या स्थितीशी जोडलेली आहेत, तीच मेंदूतल्या तापमानाच्या कामातही भाग घेतात. गोळी नेमकी कशी काम करते याचा विज्ञानाला अजून पूर्ण उलगडा झालेला नाही. पण तिचा गुण वाफांवर येतो तो लहान मात्रेत येतो, आणि दोन-चार आठवड्यांत येतो. मुख्य म्हणजे जिला नैराश्य मुळीच नाही अशा बाईलाही येतो. म्हणून वाफांसाठी ही गोळी मिळाली याचा अर्थ डॉक्टरांनी आपल्याला मनोरुग्ण ठरवलं असा होत नाही.

याचा पुरावाही आहे. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या बायकांना इस्ट्रोजेन देता येत नाही, आणि टॅमॉक्सिफेन या औषधानं त्यांना वाफांचा त्रास फार होतो. त्यांच्यासाठी दुसरं काही शोधताना या गोळ्यांकडे लक्ष गेलं. २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चार आठवड्यांनी, औषध नसलेली पण तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्या बायकांचा त्रास २७ टक्क्यांनी कमी झाला होता. रोज ७५ मिलिग्रॅम व्हेन्लाफॅक्सिन घेणाऱ्यांचा ६१ टक्क्यांनी. १५० मिलिग्रॅम घेऊनही गुण तितकाच आला, म्हणजे मात्रा वाढवून जास्त काही मिळालं नाही. २०११ साली अमेरिकेतच २०५ निरोगी बायकांवर एसिटालोप्रामचा अभ्यास झाला. दिवसाला सुमारे दहा वाफा येत होत्या, त्या आठ आठवड्यांत पाचवर आल्या. पण औषध नसलेल्या गोळीनंही त्या साडेसहाच्या आसपास आल्याच होत्या. २०१३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ७.५ मिलिग्रॅम पॅरोक्सेटिनला खास वाफांसाठी मान्यता दिली. त्यांच्याच सल्लागार समितीनं मात्र १० विरुद्ध ४ मतांनी त्याविरुद्ध कौल दिला होता, कारण फायदा फार थोडा आहे असं त्यांचं मत होतं.

या आकड्यांवरून मला दोन गोष्टी कळतात. पहिली, गोळीचा गुण खरा आहे, पण तो मध्यम आहे. तिला रामबाण म्हणणं चूक आणि थोतांड म्हणणंही चूक. दुसरी, औषध नसलेल्या गोळीनंही बाईला बरं वाटतं. त्या अभ्यासात कुणीतरी त्या बाईला तिचा त्रास विचारत होतं आणि लिहून घेत होतं. आमच्याकडच्या किती जणींना आयुष्यात एकदा तरी असं कुणी विचारलं असेल?

वाफांवर सगळ्यात गुणकारी उपाय संप्रेरकांचाच आहे, म्हणजे कमी पडलेलं इस्ट्रोजेन थोडं बाहेरून देणं. पण २००२ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही घेणाऱ्या बायकांत दर दहा हजारांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या आठ केसेस जास्त आढळल्या होत्या. बातमी जगभर गेली आणि डॉक्टर व बायका दोघंही घाबरले. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, ही गोष्ट बातमीत हरवली. पुढच्या वर्षांत आकडे पुन्हा तपासले गेले. साठीच्या आतल्या, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नाहीत अशा, आणि ज्यांना कर्करोग किंवा रक्ताच्या गाठींसारखा अडसर नाही अशा बायकांना त्रास जास्त असेल, तर संप्रेरकांचा फायदा धोक्यापेक्षा मोठा आहे, असं आज बहुतेक तज्ज्ञ संस्था मानतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या औषधांवरचा ठळक चौकटीतला इशारा काढायचं जाहीर केलं. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर स्पष्ट म्हटलं आहे, की केवळ वाफांसाठी नैराश्यावरची गोळी सरसकट पहिला उपाय म्हणून देऊ नये.

म्हणजे या गोळीची जागा ठरलेली आहे. जिला संप्रेरकं चालत नाहीत, किंवा जिला ती नको आहेत, तिच्यासाठी ही गोळी चांगला पर्याय आहे. जिला खरोखरच नैराश्य आहे, तिच्यासाठी तर ती औषधच आहे. पण आमच्या भागात ती अशी जागा पाहून दिली जाते का? मला दिसतं ते उलटं. बाई म्हणते, "वाफा येतात, झोप नाही." रक्तदाब पाहिला जात नाही. थायरॉइड तपासला जात नाही, खरं तर त्याच्या बिघाडातही घाम, धडधड, चिडचिड हे सगळं असतं. हिमोग्लोबिन पाहिलं जात नाही. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. थकवा आणि धाप त्याचीही असू शकते. यातलं काही न पाहता तीन मिनिटांत चिठ्ठी लिहिली जाते, आणि वर एक वाक्य: "काही नाही, मनाचं आहे. कामात मन रमवा."

'मनाचं आहे' हे वाक्य बायकांनी फार पूर्वीपासून ऐकलेलं आहे. 'हिस्टेरिया' हा शब्दच मुळी गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आला. बाईचं गर्भाशय आणि बाईचं डोकं यांची अशी गाठ घातली, की तिच्या कुठल्याही तक्रारीला उत्तर देण्याची गरज उरत नाही. ही गाठ फक्त ग्रीसमध्ये राहिली नाही. १९९४ साली पुण्यात, शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलींची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि स्त्री संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. त्याआधी, १९८० च्या दशकात, नेट-एन आणि डेपो-प्रोव्हेरा या इंजेक्शनांविरुद्ध आपल्या आधीच्या पिढीनं लढा दिला. हे सगळं माझ्या जन्माच्या आगेमागे घडलेलं. एम.एस.डब्ल्यू.ला शिकताना मी ते वाचलं तेव्हा एक गोष्ट मनात ठसली: माहिती न देता बाईच्या शरीरावर काहीही करू नका, ही त्या लढ्यातली मागणी होती. इंजेक्शनाला जे लागू, ते गोळीलाही लागू.

आता ज्या गोष्टीसाठी मला हा लेख लिहिणं गरजेचं वाटलं, तिच्याकडे येते. आमच्या भागात पाळी जाण्याचा प्रश्न पन्नाशीतच येतो असं नाही. तो तिशीत येतो, कारण पिशवी काढलेली असते.

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम एक 'कोयता' धरतो. उचल दोघांच्या नावावर असते. पाळीच्या, दुखण्याच्या दिवशी खाडा पडला की दंड बसतो. फडावर ना आडोसा, ना पाणी. अंगावरून जायला लागलं की गावातला डॉक्टर म्हणतो, "पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, काढून टाक." २०१९ साली हे प्रकरण गाजलं, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे शंभरात सोळा-सतरा. देशाचं प्रमाण, १५ ते ४९ वयाच्या बायकांत, शंभरात सुमारे तीन आहे. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत अमलात आणा असं राज्यांना सांगितलं.

शस्त्रक्रियेवर इतकं बोललं गेलं, पण शस्त्रक्रियेनंतर त्या बाईचं काय होतं यावर फार थोडं बोललं जातं. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोश काढले, तर पाळी जाण्याचं सगळं काही एका रात्रीत सुरू होतं, आणि तेही फार तीव्र. बीजकोश ठेवले, तरी ते लवकर थकण्याची शक्यता वाढते. आमच्याकडे आलेल्या एका ऊसतोड बाईचं ऑपरेशन एकोणतिसाव्या वर्षी झालं. आता ती अडतीसची आहे. वाफा, झोप नाही, अंगदुखी, म्हणून तीन वर्षं ती एसिटालोप्राम-क्लोनाझेपामची एकत्र गोळी घेत होती. यंदा ओट्यावरून साधी घसरली आणि मनगट मोडलं. तिचे ऑपरेशनचे कागद मी पाहिले. दोन्ही बीजकोश काढल्याची नोंद त्यात इंग्रजीत होती. नऊ वर्षांत तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मला वाटलं एकच पिशवी नेली."

अशा बाईच्या बाबतीत नैराश्यावरची गोळी ही नुसती अपुरी नाही, ती खरं दुखणं झाकून टाकते. वाफा थोड्या कमी होतात, झोप लागते, तक्रार थांबते. पण इस्ट्रोजेन नसल्यामुळे हाडं ठिसूळ होत जातात, हृदयविकाराचा धोका वाढत जातो, योनिमार्ग कोरडा पडून संबंध दुखरा होतो. यातल्या कशावरही ही गोळी काम करत नाही. चाळिशीच्या आत बीजकोश गेलेल्या बाईला, काही अडसर नसेल तर, निदान पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत संप्रेरकं द्यावीत, असं वैद्यकशास्त्र सांगतं. पिशवी नसलेल्या बाईला त्यासाठी एकटं इस्ट्रोजेन पुरतं, प्रोजेस्टिनची गरज नसते. २००२ साली ज्याची भीती पसरली ते दोन औषधांचं मिश्रण होतं, आणि ते वयस्क बायकांना दिलेलं होतं. तिशीत बीजकोश गमावलेल्या बाईला तो हिशेब लावणं हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे. आधी गरज नसताना पिशवी काढायची, आणि मग त्या पिशवीची भरपाई म्हणून टेन्शनची गोळी द्यायची.

इथं माझ्या काही सहकारी मैत्रिणी म्हणतील, "बघ, आम्ही हेच म्हणत होतो. गोळीचं राजकारण आहे. बाईचं दुःख सामाजिक आहे, त्यावर गोळी कशाला?" त्यांच्याशी माझा नम्र मतभेद आहे. नवरा पितो, मारतो, सुनेशी पटत नाही, मुलगा विचारत नाही, हातात पैसा नाही, याला गोळी नाही हे खरंच. पण पाळी जाण्याच्या आसपासची वर्षं नैराश्याच्या दृष्टीनं नाजूक असतात, विशेषतः जिला आधी कधी नैराश्य येऊन गेलं असेल तिच्यासाठी. विहिरीकडे बघत बसणाऱ्या बाईला मी पितृसत्तेचं विश्लेषण ऐकवू शकत नाही. तिला त्या आठवड्यात औषध लागतं, पूर्ण मात्रेत लागतं, आणि कुणीतरी सोबत लागतं. माझ्या पाहण्यात अशा बायका आहेत, ज्या गोळीमुळे उठून बसल्या आणि मग कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. गोळी नाकारणं म्हणजेच लढणं, असं मी मानत नाही.

पण गोळी लपवून देणं मला मान्य नाही, आणि त्याचं आणखी एक कारण मी केंद्रात पाहते. हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. कायद्याचे शब्द कडक आहेत: विकार इतका असला पाहिजे, की जोडीदारानं त्या व्यक्तीबरोबर राहावं अशी अपेक्षाच वाजवी ठरू नये. पण नोटीस पाठवणाऱ्याला तेवढं कुठं सिद्ध करायचं असतं? पंचेचाळिशीच्या एका ताईंना नोटीस आली, त्यात त्या 'मानसिक रुग्ण असून औषधं घेतात' असं लिहिलं होतं, आणि सोबत व्हेन्लाफॅक्सिनच्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडलेली. चिठ्ठीवर आजाराचं नाव नव्हतं. आम्ही ताईंना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. "रजोनिवृत्तीतल्या वाफांसाठी लहान मात्रेत" एवढं त्यांनी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं, आणि नोटिशीतला तो मुद्दा तिथंच लुळा पडला. चिठ्ठीवर एक ओळ लिहायला डॉक्टरांना अर्धं मिनिट लागतं. बाईच्या बाजूनं ती ओळ वकिलाइतकं काम करते. आणि समजा तिला खरंच नैराश्याचा आजार असता, तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तिच्या उपचाराची माहिती गुप्त राखण्याचा हक्क तिला दिलेलाच आहे.

म्हणून आमच्या गटाच्या बैठकीत आम्ही आता बायकांना डॉक्टरांना विचारायचे प्रश्न पाठ करायला सांगतो. वाचक मैत्रिणींनीही ते जवळ ठेवावेत:

१. ही गोळी कशासाठी आहे? वाफांसाठी, झोपेसाठी, की नैराश्यासाठी? तेच चिठ्ठीवर लिहून द्या.

२. मला संप्रेरकं चालतील का? चालत नसतील तर का?

३. माझा रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड पाहिलं का? (व्हेन्लाफॅक्सिननं रक्तदाब वाढू शकतो.)

४. गुण किती दिवसांत दिसेल, आणि नाही दिसला तर पुढे काय?

५. बंद करायची झाली तर कशी करायची?

६. यात झोपेची गोळी मिसळलेली आहे का? (क्लोनाझेपाम काही आठवड्यांपलीकडे रोज घेतलं तर त्याची सवय लागते, तोल जातो, विसराळूपणा वाढतो.)

आपण होऊन सांगायच्याही काही गोष्टी आहेत. अंगदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेत असाल तर सांगा. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर नक्की सांगा. पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन या गोळ्या त्या औषधाचं काम कमी करू शकतात, व्हेन्लाफॅक्सिनचा असा अडसर नसतो. आणि पाळी गेल्यावर वर्षभरानं पुन्हा रक्त दिसलं, तर कुठल्याही गोळीवर थांबू नका, तपासणी करून घ्या. सुरुवातीला मळमळ, तोंडाला कोरड, डोकेदुखी होऊ शकते, ती पुष्कळदा आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होते. या गोळ्यांनी शरीरसंबंधाची इच्छाही मंदावू शकते. हे तर डॉक्टर बाईला सांगतच नाहीत. या वयात तिला अशी इच्छा असते, हेच त्यांनी गृहीत धरलेलं नसतं.

गोळीशिवायही काही आहे. विचारांची आणि सवयींची पद्धत बदलायला शिकवणारं समुपदेशन वाफांचा जाच आणि झोपमोड दोन्ही कमी करतं, असं अभ्यासांतून दिसलं आहे. गोळीला पर्याय म्हणून किंवा गोळीसोबत, ते आपल्या केंद्रांतून देता येण्यासारखं आहे. मन फारच खचलं असेल तर सरकारची 'टेली मानस' ही फोन सेवा २०२२ पासून चालू आहे, १४४१६ या क्रमांकावर. तिथं मराठीतही बोलता येतं.

पण सगळं काही बाईनंच विचारायचं आणि बाईनंच सांभाळायचं, असं म्हणून मला थांबायचं नाही. शासनाच्या ज्या सर्वेक्षणावर बायकांच्या आरोग्याची धोरणं उभी राहतात, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १५ ते ४९ वयाच्याच बायकांना प्रश्न विचारतं. मूल होण्याचं वय संपलं, की प्रश्नही संपतात. आशाताईंच्या वहीत गरोदर बाई आहे, बाळंतीण आहे, कुटुंब नियोजनाची केस आहे. पाळी जात असलेल्या बाईसाठी त्या वहीत एक रकाना हवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दुपार या बायकांसाठी हवी, जिथं रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड पाहिलं जाईल आणि कुणीतरी दहा मिनिटं ऐकून घेईल. ऊसपट्ट्यात पिशवी काढलेल्या प्रत्येक बाईचे कागद तिला मराठीत समजावून दिले पाहिजेत, बीजकोश आहेत की गेले हे तिला कळलं पाहिजे, आणि गेले असतील तर इस्ट्रोजेन आणि हाडांची तपासणी तिला सरकारी दवाखान्यात फुकट मिळाली पाहिजे.

यातली शेवटची मागणी घेऊन आम्ही या हंगामात, टोळ्या गावी परतल्या की, गावोगाव ऑपरेशनचे कागद गोळा करणार आहोत. तुमच्या भागातही अशा बायका असतील. त्यांच्या पिशवीतली पाकिटं आणि त्यांच्या ट्रंकेतले कागद एकदा त्यांच्याबरोबर बसून वाचा. त्यातली गोळी घ्यायची की नाही, हे मग त्यांनाच ठरवू द्या.